रज, ऋतू आणि अध्यात्म

शरीर आणि आत्मा यांचा संबंध काय, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न. आज आपण त्याची अशी एक बाजू घेऊ या, जिच्याबद्दल तत्त्वज्ञानाच्या वर्गात सहसा कुणी बोलत नाही. ती म्हणजे मासिक पाळी. पाळी येणारं शरीर अध्यात्माच्या आड येतं का? की तेच अध्यात्माचं साधन होऊ शकतं? आणि 'स्त्रीत्वाचा अंगीकार करा' असं हल्ली जे ऐकू येतं, त्याचा नेमका अर्थ आपण काय करायचा?

सुरुवात शब्दांपासून करू. आमच्या पिढीत 'कावळा शिवला' म्हणत. 'बाहेरची झाली', 'दूर बसली', 'अडचण आहे' असंही म्हणत. आता 'प्रॉब्लेम आलाय' म्हणतात. गंमत बघा, कावळ्यापासून प्रॉब्लेमपर्यंत एवढा प्रवास झाला, पण जी गोष्ट घडते तिचं नाव काही आपण घेतलं नाही. संस्कृतात मात्र नावं आहेत, आणि ती सुंदर आहेत. एक शब्द 'रज'. रज म्हणजे धूळ, फुलातला परागही रजच. सांख्यांच्या तीन गुणांपैकी हालचाल घडवणारा तो रजोगुण. दुसरा शब्द 'ऋतू'. पावसाळा हा ऋतू आणि बाईच्या शरीरातलं हे चक्र हाही ऋतूच. आणि आपल्या मराठीतला साधा शब्द 'पाळी'. शेतकरी कुळवाची पाळी घालतो, पाटाच्या पाण्याची पाळी येते. पाळी म्हणजे ठरलेल्या वेळी फिरून येणारी गोष्ट. यातल्या एकाही शब्दात घाण नाही. मग ती आली कुठून?

एक उत्तर तैत्तिरीय संहितेत सापडतं. इंद्रानं त्वष्ट्याच्या मुलाला, तीन तोंडांच्या विश्वरूपाला मारलं. विश्वरूप देवांचा पुरोहित होता, त्यामुळे इंद्राला ब्रह्महत्येचं पाप लागलं. वर्षभर त्यानं ते वागवलं. लोक त्याला ब्रह्मघातकी म्हणायला लागले, तेव्हा त्यानं ते पाप वाटून टाकायचं ठरवलं. एक तृतीयांश पृथ्वीनं घेतलं, एक तृतीयांश झाडांनी आणि उरलेलं स्त्रियांनी. प्रत्येकानं बदल्यात वर मागून घेतला. खणलेली जमीन पुन्हा भरून येईल. तोडलेलं झाड पुन्हा फुटेल. स्त्रीला ऋतूतून संतती होईल. आणि स्त्रीनं घेतलेला पापाचा वाटा तिच्या रजात दिसतो, म्हणून त्या दिवसांत तिच्याजवळ जाऊ नये, असं ही कथा सांगते.

आता ही कथा नीट ऐका. पाप कुणी केलं? इंद्रानं. ते वाहतंय कोण? बाई. म्हणजे ज्या ग्रंथात विटाळाचं मूळ आहे, तोच ग्रंथ सांगतो की ह्यात बाईचा अपराध काहीच नाही. तिनं दुसऱ्याचं ओझं उचललं. उलट तिला जमीन आणि झाड यांच्या पंक्तीला बसवलंय, म्हणजे जखम झाली तरी जे पुन्हा भरून येतं, त्यांच्या पंक्तीला. पुढे काय झालं? ओझं उचललं हे आपण विसरलो आणि ओझं तिचंच आहे एवढं लक्षात ठेवलं. भाद्रपदात गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. आम्ही सगळ्यांनी लहानपणी ऋषीची भाजी आवडीनं खाल्ली आहे. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, ही त्यातली कल्पना मोठी हृद्य आहे. पण त्या व्रताची कहाणी सांगते, की पाळीत शिवाशिव पाळली नाही म्हणून एक बाई पुढच्या जन्मी कुत्री झाली. इंद्राचं पाप इंद्राला कुत्रा करत नाही!

आणि शास्त्र तरी एका आवाजात बोलतं का? वासिष्ठ धर्मसूत्र पाहा. त्याच्या पाचव्या अध्यायात हीच इंद्राची कथा आणि रजस्वलेचे कडक नियम आहेत. अठ्ठाविसाव्या अध्यायात मात्र म्हटलंय, की स्त्रियांसारखं शुद्ध काही नाही, कारण दर महिन्याचं रज त्यांचे दोष वाहून नेतं. एकाच ग्रंथात तेच रक्त एकदा पापाचं चिन्ह आहे आणि एकदा पाप धुणारं पाणी. 'शास्त्रात सांगितलंय' असं कुणी म्हटलं, की आपण शांतपणे विचारायचं: कुठल्या अध्यायात?

बरं, मग दुसरी परंपरा घेऊ, पूजेची. गुवाहाटीच्या नीलाचल टेकडीवर कामाख्येचं देऊळ आहे. गाभाऱ्यात मूर्ती नाही. योनीच्या आकाराची शिळा आहे आणि ती झऱ्याच्या पाण्यानं ओली असते. आषाढात, म्हणजे इंग्रजी जूनच्या शेवटाकडे, तिथे अंबुबाची भरते. देवी रजस्वला झाली असं मानून देऊळ तीन दिवस बंद ठेवतात आणि चौथ्या दिवशी उघडतात. लाल वस्त्राचा तुकडा प्रसाद म्हणून मिळावा यासाठी लाखो लोक जातात. ओडिशात जूनच्या मध्याला रजपर्व असतं. तिथे रजस्वला होते ती भूमी. तीन दिवस नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही. मुलींनी काम करायचं नाही, नवे कपडे घालून झोपाळ्यावर बसायचं. चौथ्या दिवशी भूदेवीचं स्नान. तुळुनाडूत केड्डस म्हणून असाच सण आहे. केरळात चेंगन्नूरच्या देवळात देवीला पाळी आली असं मानलं जातं, आणि मग तिला वाजतगाजत पंपा नदीवर स्नानाला नेतात.

आपल्याकडेही याच्या खुणा आहेत. गोव्यात आणि कोकणात सांतेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते. माहूरची रेणुका घ्या. रेणू म्हणजे धूळ, पराग. म्हणजे अर्थानं तो 'रज' शब्दाचा सख्खा भाऊच. रा. चिं. ढेरे यांचं 'लज्जागौरी' ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक असेल, की आपल्या कितीतरी देवींची मुळं सुफल मातीच्या आणि गर्भाशयाच्या पूजेत आहेत.

हे ऐकून बरं वाटतं. आपल्याकडे पाळीची पूजा होते, मग अडचण काय? अडचण अशी, की देवीची पाळी आणि बाईची पाळी यांच्यामध्ये एक भिंत आहे. कामाख्येला देवीच्या रजाचा प्रसाद मिळतो, पण पाळी आलेल्या बाईनं देवळात जाऊ नये, हा रिवाज तिथेही आहेच. चेंगन्नूर तर शबरीमलाला जाणाऱ्यांचं रेल्वे स्टेशन! त्या गावात देवीच्या पाळीचा उत्सव होतो, आणि तिथूनच पुढे ज्या डोंगरावर यात्रेकरू जातात तिथे १० ते ५० वयाच्या स्त्रियांना बंदी. नदी तीच, पंपा. २८ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ती बंदी घटनाबाह्य ठरवली. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात या बंदीचं नातं अस्पृश्यतेशी जोडलं. वेगळं मत न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचं होतं. पुढच्या वर्षी त्यातले प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले. कायद्याचा भाग वकिलांवर सोडू. आपल्यासाठी मुद्दा एवढाच, की दगडातल्या बाईला जे शोभतं ते जिवंत बाईला चालत नाही, असं आपण ठरवून टाकलंय.

पूजेचा आणखी एक धोका आहे. आपल्याकडे पूर्वी मुलीचं पहिलं न्हाण साजरं व्हायचं. मखर, फुलं, ओटी, गोडधोड. आज कुणी म्हणेल, किती छान, पाळीचा उत्सव! पण त्या मखरातल्या मुलीचं वय काय होतं? तिचं लग्न आधीच झालेलं असायचं, आणि न्हाणानंतर गर्भाधानाचा विधी. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. संमतीचं वय दहावरून बारा करण्यापुरता तो होता. त्याच्या आधी कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संबंधानं मेली होती. तरीही विरोध झाला, आणि विरोधाचा मोठा धार्मिक आधार हाच, की पहिल्या ऋतूनंतर गर्भाधान झालंच पाहिजे. टिळक विरोधात होते. रा. गो. भांडारकरांनी शास्त्राचेच दाखले देऊन कायद्याची बाजू मांडली. म्हणजे बघा, रक्ताला विटाळ म्हटलं तेव्हा बाईला बाहेर बसवलं, आणि रक्ताला पवित्र म्हटलं तेव्हा पोरीला मखरात बसवलं. दोन्ही वेळा कुठे बसायचं ते दुसऱ्यानं ठरवलं. म्हणून पाळीला 'पवित्र' म्हणून डोक्यावर घेतलं की काम झालं, असं आम्हांला वाटत नाही.

तिसरी वाट आहे का? आहे, आणि ती आपल्याच मातीत आहे. तेराव्या शतकात चक्रधर स्वामींनी आपल्या शिष्यांना सांगितलं, की शरीराला नऊ द्वारं आहेत. नाकाडोळ्यांतून जसा मळ येतो तसा हाही एक धातू स्रवतो आणि थांबतो, त्याचा विटाळ धरू नये. पूजा नाही, शिवी नाही. जे आहे ते आहे. त्याच्या शंभर वर्षं आधी कर्नाटकात बसवेश्वरांच्या चळवळीतून पाच सुतकं नाकारली गेली. जन्माचं, मरणाचं, रजाचं, उष्ट्याचं आणि जातीचं. ही यादी फार विचार करण्यासारखी आहे. रजाचं सुतक आणि जातीचं सुतक एका यादीत का बसलं? कारण दोन्हींचा पाया एकच: काही शरीरं शिवण्याजोगी, काही नाहीत.

हे सगळ्यात खोलवर जिला कळलं ती सोयराबाई, चोखामेळ्याची बायको. चौदाव्या शतकातली महार बाई. विटाळाचे दोन्ही अर्थ तिनं भोगलेले. जातीचा विटाळ रोजचा, बाईपणाचा महिन्याचा. विटाळावर तिचा प्रसिद्ध अभंग आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की विटाळ देहाच्या जन्मातच आहे, तेव्हा विटाळातून सुटलेला देह जगात कुणाला सापडणार नाही. आता हा युक्तिवाद तर्काच्या अंगानं तपासा. 'मी विटाळलेली नाही' असं ती म्हणत नाही. ती म्हणते, विटाळ असेल तर तो सगळ्यांचा आहे, पुजाऱ्याचाही. जो गुण सगळ्यांमध्ये सारखा आहे, त्याच्या आधारे दोन माणसांत भेद कसा करणार? विटाळाची कल्पनाच तिथे गळून पडते. तर्कशास्त्राच्या पुस्तकाशिवाय केलेलं हे खंडन आहे.

आता तत्त्वज्ञानाकडून येणारा आक्षेप घेऊ. आत्म्याला लिंग नाही, असं वेदान्त सांगतो. मग पाळीसारखी देहाची गोष्ट अध्यात्मात आणायचीच कशाला? याचं उत्तर 'अध्यात्म' या शब्दातच आहे. उपनिषदांत 'अधिदैवत' आणि 'अध्यात्म' अशी जोडी येते. अधिदैवत म्हणजे सूर्य, वायू, आकाश यांच्या बाजूनं पाहणं. अध्यात्म म्हणजे आपल्या स्वतःच्या बाजूनं पाहणं: डोळा, प्राण, मन, हा आपला देह. म्हणजे मूळ अर्थानं अध्यात्म देहापासून पळत नाही, देहापासूनच सुरू होतं. देह म्हणजे किळस, असं पुढे संन्याशांनी लिहिलं, आणि लिहिणारे बहुतेक पुरुष होते. आपल्या काही संत स्त्रियांचा सूर वेगळा आहे. जनाबाईचा विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो. तिचं अंगण, तिचं जातं, तिचे केस, कशालाच त्याला शिवाशिव नाही. बहिणाबाईंनी सतराव्या शतकात स्पष्ट सांगितलं, की बाईचा देह म्हणून मला वेदाचं दार बंद. पण देह टाकून दे, असं त्या म्हणाल्या नाहीत, त्याच देहानं त्या तुकोबांकडे गेल्या. पाश्चात्त्यांत सिमोन द बोव्हार यांनी १९४९ साली 'द सेकंड सेक्स'मध्ये शरीराकडे परिस्थिती म्हणून बघायला सांगितलं. आपल्याला मिळालेली परिस्थिती आपण निवडलेली नसते, पण तिच्यात उभं कसं राहायचं हे आपलं असतं.

मग पाळीतलं आध्यात्मिक सामर्थ्य कशात आहे? शरीरशास्त्र काय सांगतं ते बघा. दर महिन्याला गर्भाशय आतून एक मऊ अस्तर तयार करतं. येणाऱ्या जिवासाठी बिछानाच म्हणा. कुणी आलं नाही, की हॉर्मोन उतरतात आणि ते अस्तर सुटून जातं. जातं ते साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त, दोन-तीन मोठे चमचे. आणि पुन्हा नव्यानं तयारी. आयुष्यात हे चारशेच्या वर वेळा घडू शकतं. मनापासून तयारी करायची, उपयोग झाला नाही तर सोडून द्यायची, आणि कटुता न ठेवता पुन्हा करायची. अनासक्तीवर आपण कितीतरी व्याख्यानं ऐकली असतील, पण हा पाठ बाईच्या शरीरात दर महिन्याला चालू असतो. फक्त तो आपोआप मिळत नाही, त्याकडे लक्ष द्यावं लागतं. नुसतं रक्त जाणं म्हणजे साधना नव्हे. आज थकवा आहे, आज चिडचिड आहे, आज रडू येतंय, हे लाजेशिवाय, घाईशिवाय बघणं ही साधना. आपल्या इच्छेबाहेर चालणाऱ्या गोष्टीशी भांडण मिटवणं ही साधना. स्वतःचं दुखणं लपवायचं थांबवलं, की दुसऱ्याचं दुखणं दिसायला लागतं. त्यातून जी करुणा येते, ते सामर्थ्य.

ह्याच्या बरोबर उलटं काय, तर पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. गौरी-गणपती आले, सत्यनारायण आहे, घरात लग्न आहे, की घे गोळी. ज्या देवानं ऋतू दिला असं मानायचं, त्याच्याच समोर जायला ऋतू थांबवायचा! आणि ही हॉर्मोनची औषधं आहेत. डॉक्टरांना न विचारता ती घेऊ नयेत, विशेषतः रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास ज्यांना आहे त्यांनी.

इथे एक इशारा द्यायला हवा. वेदनेला अध्यात्माचा मुलामा देऊ नका. एंडोमेट्रिऑसिस नावाचा आजार पाळी येण्याच्या वयातल्या साधारण दहातल्या एका बाईला असतो. तिला असह्य दुखतं. तिला 'सहन कर, यात शक्ती आहे' असं सांगणं हा दुष्टपणा आहे. तिला डॉक्टरांकडे न्या. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यांना आधी लोह पाहिजे, मग तत्त्वज्ञान.

आणि बीडची ऊसतोड आठवा. नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाची उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर दंड. फडात ना आडोसा, ना पाणी. पाळीमुळे खाडा नको म्हणून तिशीतल्या बायकांनी गर्भाशयं काढून टाकली. २०१९ साली याची चौकशी करायला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमावी लागली. ओडिशात रजपर्वाला भूमीलासुद्धा तीन दिवस विश्रांती मिळते, आणि आपल्याकडे बाईला एक दिवस मिळत नाही! स्त्रीत्वाच्या गौरवाचं कुठलंही बोलणं त्या फडात उभं राहून करता आलं पाहिजे. तिथे ते खोटं वाटलं, तर ते खोटंच आहे.

काही जण म्हणतात, 'बाहेर बसणं' म्हणजे विश्रांतीच होती की. विश्रांती हवीच. पण जी नाकारता येत नाही ती विश्रांती नव्हे. गडचिरोलीत माडिया बायका गावाबाहेरच्या कुर्माघरात राहतात. नेपाळात अशाच छाउपडीच्या झोपड्यांत थंडीनं, धुरानं, साप चावून बायका मेल्या, तेव्हा २०१७ साली तिथे त्याविरुद्ध कायदा झाला. आराम घरातल्या अंथरुणावरही होतो.

आता वेळ संपत आली, पण चिठ्ठ्यांमध्ये दोन प्रश्न आले आहेत ते घेऊ. पहिला: 'ज्यांची पाळी थांबली, गर्भाशय काढलं, किंवा ज्यांना पाळी कधी आलीच नाही, त्यांचं काय?' चांगला प्रश्न आहे. आमच्या वयाच्या बायकांची पाळी थांबून पंचवीस वर्षं होत आली. म्हणून काय आम्ही बायकांच्या यादीतून वगळल्या गेलो? सामर्थ्य रक्तात असतं, तर ते रक्ताबरोबर गेलं असतं. ते देहाकडे लाज न बाळगता बघण्यात आहे, आणि देह कुणाचाही असो, तसं बघता येतं. पुरुषांनाही येतं. त्यांनी घरातल्या पाळीबद्दल निदान सरळ नावानं बोलायला शिकावं, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

दुसरा प्रश्न एका आईचा आहे: 'मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला काय सांगू?' पाळी यायच्या आधी सांगा, नंतर नको. शरीरात काय घडतं ते साध्या शब्दांत सांगा. कापड किंवा पॅड कसं वापरायचं, किती वेळानं बदलायचं ते दाखवा. फार दुखलं तर लपवू नकोस, हे सांगा. आणि पहिल्यांदा पाळी येईल त्या दिवशी तिला वाटलं तर देवापाशी दिवा लावू द्या, वाटलं तर निजून राहू द्या. कुठे बसायचं, ते तिचं तिला ठरवू द्या. सोयराबाईनं जे सातशे वर्षांपूर्वी सांगितलं, ते त्या घरात त्या दिवशी पोहोचलं असं आपण समजू.

इथे थांबू या. पुढच्या वेळी म्हातारपण आणि शरीर या विषयावर बोलू.